इंजिनाच्या नियमाला शेवटची तारीखही हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फॉर्म्युला वनच्या नव्या इंजिन-नियमांविषयी आपल्या क्रीडापानावर येणाऱ्या बातम्या मी नेमाने वाचतो. कोणता संघ पुढे जाणार, कोणता ड्रायव्हर कुठे चालला, गाड्यांचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही, ही चर्चा त्यांत भरपूर असते. पण ही इंजिनं ज्या कंपन्या बनवतात त्यांचं या बदलांमुळे नेमकं काय होतं, हे क्वचितच वाचायला मिळतं. माझी सगळी नोकरी इंजिनांच्या टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन बांधून, चालवून तपासायच्या चौथऱ्यावर झाली. ती इंजिनं शर्यतीची नव्हती, रोजच्या रस्त्यावरच्या गाड्यांची होती. तरी नियम बदलला की कारखान्यात काय उलथापालथ होते ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, पण शक्य झाल्यास न कापता छापावं अशी विनंती.

२०२६ पासूनच्या नियमांत १.६ लिटरचं व्ही-६ टर्बो इंजिन (व्ही आकारात सहा सिलिंडर, आणि एक्झॉस्टच्या जोरावर जास्तीची हवा आत कोंबणारा टर्बो) कायम आहे, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला फारसं काही बदललंय असं वाटणार नाही. आतलं मात्र जवळजवळ सगळं बदललं. एक्झॉस्टच्या उष्णतेतून वीज काढणारा एमजीयू-एच हा भाग काढून टाकला. क्रँकशाफ्टला जोडलेली मोटर १२० किलोवॅटची होती, ती ३५० किलोवॅटची झाली. खुद्द इंजिनाची ताकद साडेपाचशे किलोवॅटच्या घरात होती, ती चारशेच्या आसपास आली. म्हणजे गाडीची निम्म्याच्या जवळपास ताकद आता विजेची. इंधन पूर्णपणे शाश्वत स्रोतांतलं हवं, आणि त्याची मर्यादा आता किलोत नाही, ऊर्जेत मोजायची: ताशी ३००० मेगाज्यूल.

यातला एकच आकडा जवळून पाहू, म्हणजे काम केवढं असतं ते कळेल. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते ती तो वर आल्यावर किती पटींनी आक्रसते ते प्रमाण. त्याची मर्यादा १८ होती. नव्या कंपन्यांना प्रवेश सोपा व्हावा म्हणून ती १६ वर आणली. सहा सिलिंडरांत १६०० सीसी, म्हणजे एकेका सिलिंडरला सुमारे २६७ सीसी. पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जी जागा उरते ती १८ च्या रेशोला १५.७ सीसी आणि १६ च्या रेशोला १७.८ सीसी. फरक दोन सीसीचा. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, तेव्हा उंचीत मोजलं तर हा फरक अर्धा मिलिमीटरही भरत नाही, ०.४ च्या आसपास येतो. पण तेवढ्यासाठी पिस्टनचा माथा नवा, कंबश्चन चेंबर नवं, इंधनाची फवारणी नवी, स्पार्कचं टायमिंग नवं, आणि हे सगळं नव्या इंधनावर पुन्हा नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनाला बसणारे ठोके) तपासत जुळवायचं. भरीस भर म्हणजे हा रेशो थंड इंजिनावर मोजायचा की तापलेल्या, यावरून २०२६ चा हंगाम सुरू होण्याआधीच कंपन्यांत वाद पेटला. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, सगळेच भाग सारख्या प्रमाणात वाढत नाहीत, आणि ०.४ मिलिमीटरच्या हिशेबात त्याने निकाल फिरू शकतो. ज्याने बेडवर काम केलंय त्याला या भांडणाचं नवल वाटणार नाही.

आमच्याकडे एकदा उत्सर्जनाचा निकष बदलला तेव्हा पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्याचा आकार बदलावा लागला होता. ड्रॉइंगवर ती एका रेघेची दुरुस्ती. प्रत्यक्षात तीन पाळ्यांत बेड चालवले. काचेपलीकडे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालभडक व्हायचा. एन्ड्युरन्सची, म्हणजे दीर्घकाळ चालवण्याची चाचणी संपली की इंजिन उघडायचं, रिंगा आणि बेअरिंगं मोजायची, कार्बन कुठे धरला ते पाहायचं, काही बिनसलं असेल तर डिझाइनवाल्यांकडे परत. आणि एवढं करून मुदत जवळ आल्यावर ती तारीख पुढे ढकलली गेली. ज्यांनी काम वेळेत उरकलं त्यांच्याच डोक्यावर भुर्दंड बसला. पिस्टनचं टूलिंग करून बसलेला आमचा एक सप्लायर महिनोन् महिने ऑर्डरची वाट पाहत होता, त्याची माणसं त्या काळात दुसरीकडे गेली. निकष कडक होता याची आमच्या कुणाचीही तक्रार नव्हती. तक्रार होती ती तारखेवर भरवसा ठेवता आला नाही याची.

शर्यतीच्या इंजिनांचा इतिहास वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. नियम अवघड आहे म्हणून कंपन्या मोडत नाहीत. अवघड नियमांवर तर त्यांचे इंजिनिअर जगतात. नियम किती दिवस टिकणार हे कळत नाही, तिथे गणित फसतं.

जुनं उदाहरण घ्या. १९६६ पासून फॉर्म्युला वनमध्ये १.५ लिटरच्या जागी ३ लिटरची इंजिनं येणार हे १९६३ सालीच जाहीर झालं होतं. लोटस, कूपरसारख्या ब्रिटिश संघांना इंजिनं पुरवणाऱ्या कॉव्हेंट्री क्लायमॅक्सने हिशेब केला आणि ३ लिटरच्या वाटेला न जाता बाहेर पडायचं ठरवलं. संघ अडचणीत आले खरे, पण त्यातूनच लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनी फोर्डकडून एक लाख पौंड मिळवले आणि कॉसवर्थच्या कीथ डकवर्थ यांनी डीएफव्ही हे व्ही-८ इंजिन उभं केलं. जून १९६७ मध्ये झँडवूर्टला ते पहिल्यांदा धावलं आणि जिम क्लार्कने त्यावर पहिलीच शर्यत जिंकली. पुढे १९८३ पर्यंत त्या इंजिनाने १५५ शर्यती जिंकल्या. डकवर्थ यांचं डोकं अफाट होतं यात शंका नाही. पण ३ लिटरची मर्यादा दोन-चार वर्षांत बदलली असती, तर तेच इंजिन छोट्या छोट्या संघांना विकत घेता येईल अशा किमतीत कधीच आलं नसतं. नियम टिकला, म्हणून त्यात घातलेला पैसा वसूल झाला.

याच्या अगदी उलटं ग्रुप सीचं. ल मान्सच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचा तो वर्ग ऐंशीच्या दशकात इतका भरात होता की पोर्शे, जॅग्वार, मर्सिडीज, टोयोटा, निस्सान, माझदा सगळे त्यात उतरले होते. तिथे इंजिन कसलंही चालत असे, मर्यादा फक्त इंधनावर होती. मग फॉर्म्युला वनसारखीच ३.५ लिटरची नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे बिनटर्बोची इंजिनं सक्तीची करायचं ठरलं. टर्बोवर, मोठ्या इंजिनांवर झालेली सगळ्यांची मेहनत निकालात निघाली आणि खर्च फॉर्म्युला वनच्या पातळीला गेला. माझदाच्या रोटरी इंजिनाने १९९१ साली ल मान्स जिंकलं, तेव्हा त्या इंजिनाला पुढच्या वर्षी तिथे जागाच नव्हती. १९९२ ला ल मान्सच्या स्टार्टला २८ गाड्या उरल्या, आणि १९९३ ची जागतिक मालिका गाड्यांअभावी झालीच नाही. प्यूजो आणि मर्सिडीज ३.५ लिटरच्या इंजिनांसह फॉर्म्युला वनकडे वळल्या. एका चांगल्या वर्गाचा एका नियमाने बळी घेतला असं मी आजही म्हणतो.

आता रेनॉकडे येतो, कारण ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागते. १९७७ साली सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनमध्ये टर्बो पहिल्यांदा आणला तो रेनॉने. पहिल्या दोन हंगामांत ते इंजिन सारखं बंद पडायचं, धूर सोडत बाजूला उभं राहायचं. १९७९ ला दिजोंला त्यांनी पहिली शर्यत जिंकली आणि पुढच्या काही वर्षांत सगळेच टर्बोकडे गेले. मग १९८८ नंतर टर्बोवर बंदी आली. तरी हाच कारखाना, पॅरिसच्या दक्षिणेचा व्हिरी-शातियों, व्ही-१० घेऊन परत उभा राहिला आणि विल्यम्स, बेनेटनला जिंकवत राहिला. रेनॉच्या इंजिनांवर एकूण १२ कन्स्ट्रक्टर्स, म्हणजे संघांची विजेतेपदं आहेत. त्यांतली शेवटची चार २०१० ते २०१३ ची, रेड बुलबरोबरची.

त्याच सुमारास व्ही-८ ची जागा लहान टर्बो इंजिनांनी घ्यावी असा आग्रह धरणाऱ्यांत रेनॉ पुढे होती. रस्त्यावरच्या गाड्या त्या दिशेला चालल्या होत्या, तेव्हा मागणी रास्तच होती. आधी ठरलं चार सिलिंडरचं इंजिन, २०१३ पासून. मग फेरारी आणि इतरांचा विरोध झाला आणि ते सहा सिलिंडरचं झालं, तारीख २०१४. दरम्यान ज्यांनी चार सिलिंडरवर काम सुरू केलं होतं त्यांनी ते गुंडाळलं. २०१४ उजाडलं तेव्हा मर्सिडीजने १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. त्यांनी टर्बोचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या एका टोकाला आणि टर्बाइन दुसऱ्या टोकाला बसवला होता. विचारांती केलेलं, सुंदर काम होतं ते. रेनॉ आणि फेरारी मागे पडल्या आणि वर नियमच असा की हंगामात इंजिनाला हात लावायचा नाही, पुढच्या वर्षी बदल करायचे तर मोजून दिलेल्या टोकनांत, म्हणजे ठरावीक बदलांच्या कोट्यात. टोकन पद्धत २०१७ ला गेली. २०२२ मध्ये इंजिनं पुन्हा गोठवली, म्हणजे त्यांत सुधारणा करायला बंदी घातली, थेट २०२५ पर्यंत. जो मागे आहे त्याने मागेच राहायचं, आणि चार वर्षं जाहीरपणे मागे दिसत राहायचं. गाड्या विकणाऱ्या कंपनीच्या संचालकांसमोर ही गोष्ट दरवर्षी मांडायची असेल तर इंजिन-विभागाच्या प्रमुखाने काय सांगावं?

सप्टेंबर २०२४ मध्ये रेनॉने निर्णय जाहीर केला: २०२५ नंतर फॉर्म्युला वनचं इंजिन बनवायचं नाही. आपल्याच अल्पीन संघाला मर्सिडीजचं इंजिन विकत घ्यायचं, हे नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं. व्हिरीमध्ये २०२६ च्या इंजिनावर काम चालू होतं. तिथल्या कामगारांनी आधीच विरोध केला होता, मोंझाच्या शर्यतीला जाऊन आपली बाजू दाखवली होती. त्याचा उपयोग झाला नाही. आपल्याच मागणीतून जन्मलेल्या नियमाने रेनॉ शेवटी या खेळाबाहेर गेली. कंपनीच्या चुका नव्हत्या असं मी म्हणत नाही, व्यवस्थापनात झालेली सततची अदलाबदल सगळ्यांनी पाहिली. पण १९७७ पासून साठत आलेलं ज्ञान ज्या माणसांच्या हातात होतं ती माणसं एकदा पांगली की परत गोळा होत नाहीत. ड्रॉइंगं कपाटात राहतात. बेडवर इंजिनाचा आवाज ऐकून व्हॉल्व्हमध्ये काहीतरी बिनसलंय हे ओळखणारा कान कपाटात ठेवता येत नाही.

होंडाने हे स्वतः भोगलं. १९८८ ला मॅक्लरेनबरोबर १६ पैकी १५ शर्यती जिंकणारी ही कंपनी. २०१५ साली ती परतली तेव्हा बाकीच्यांहून एक वर्ष उशिरा आली होती, आणि गोठवलेल्या नियमांच्या दिवसांत एक वर्ष म्हणजे फार. मॅक्लरेनबरोबरची तीन वर्षं वाईट गेली. मग टोरो रोसो, मग रेड बुल, २०१९ ला ऑस्ट्रियात या पर्वातला पहिला विजय. गाडी रुळावर आली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की २०२१ नंतर आपण जाणार, माणसं आणि पैसा कार्बन-न्यूट्रल तंत्रज्ञानाकडे वळवणार. तिथल्या इंजिनिअरांनी पुढच्यासाठी ठेवलेलं नवं इंजिन घाईने पूर्ण करून शेवटच्या वर्षी गाडीत बसवलं, आणि त्याच इंजिनावर मॅक्स व्हेर्स्टापेन विश्वविजेता झाला. हे वाचताना माझा ऊर भरून आला होता. मे २०२३ मध्ये होंडा म्हणाली, २०२६ च्या नियमांत वीज आणि शाश्वत इंधन यांवर भर आहे, तेव्हा आम्ही परत येतो, आता अ‍ॅस्टन मार्टिनबरोबर. म्हणजे नियमाचा मसुदा दोन-तीन वर्षं आधी स्पष्ट असता, तर कदाचित जाणंही झालं नसतं. मधल्या काळात रेड बुलने स्वतःचा इंजिन कारखाना मिल्टन कीन्सला काढला, प्रतिस्पर्ध्यांची माणसं फोडली, फोर्डला जोडीला घेतलं. होंडाने काढलेल्या एका पत्रकाचे हे परिणाम.

नियम करणाऱ्यांची बाजूही मी समजू शकतो. एमजीयू-एच काढला तो कंपन्या याव्यात म्हणून. तो भाग महाग, बनवायला कठीण, आणि रस्त्यावरच्या गाड्यांना त्याचा उपयोग नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्या वाटाघाटींत ऑडी आणि पोर्शे या एकाच समूहातल्या दोघींचा जोर होता. ऑडी आली, ऑगस्ट २०२२ ला स्पा इथे घोषणा झाली आणि नॉयबुर्गला काम सुरू झालं. पोर्शेची रेड बुलबरोबरची बोलणी पुढच्याच महिन्यात फिसकटली. आणि २०२४ मध्ये त्याच पोर्शेने ९११ जीटीएस बाजारात आणली, जिच्या टर्बोमध्ये टर्बाइन आणि कॉम्प्रेसरच्या मध्ये मोटर बसवलेली आहे आणि ती एक्झॉस्टमधून वीज तयार करते. मर्सिडीज-एएमजीने त्याआधीच विजेवर फिरणारा टर्बो रस्त्यावरच्या गाडीत दिला होता. एमजीयू-एचचीच कल्पना ही. शर्यतीत निरुपयोगी ठरवून टाकलेली गोष्ट शोरूममध्ये पोचली. बेडवरच्या कामाला फळ यायला जो वेळ लागतो तेवढाही धीर आपण धरला नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता मुख्य मुद्दा. २०२६ चं एकही इंजिन शर्यतीत धावलेलं नव्हतं, तेव्हाच, म्हणजे २०२५ च्या सुरुवातीला, फॉर्म्युला वनचे नियम करणाऱ्या एफआयए या संघटनेचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायेम यांनी शाश्वत इंधनावर व्ही-१० परत आणायचा विषय काढला. एप्रिलमध्ये बहारीनला कंपन्यांची बैठक झाली. पुढे चर्चा व्ही-८ वर आली. आवाजाचं प्रेम मलाही आहे, व्ही-१० इंजिन पूर्ण वेगाने फिरताना ऐकणं हा आनंदच असतो. पण ऑडीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. निम्मी ताकद विजेची, या अटीवर तुम्ही संचालक मंडळाकडून पैसे मंजूर करून घेतले. इमारत बांधली, बॅटरीवाले इंजिनिअर गोळा केले, सिंगल सिलिंडरपासून पूर्ण पॉवर युनिटपर्यंत बेड उभे केले. पहिली शर्यत अजून व्हायची आहे आणि वरून विचारणा होते की हे सगळं लवकर आटोपून दुसरंच काही करायचं का. जनरल मोटर्स तर कॅडिलॅक संघासाठी स्वतःचं इंजिन या दशकाच्या अखेरीस आणणार म्हणते. त्यांनी कोणत्या नियमाचं इंजिन आज बेडवर चढवायचं?

खर्चावर मर्यादा आहे, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. इंजिन-विभागासाठी वर्षाला साडेनऊ कोटी डॉलरची मर्यादा होती, ती २०२६ पासून तेरा कोटींवर गेली. मागे पडलेल्या कंपनीला जास्तीच्या सुधारणांची मुभाही दिली आहे, आणि ती गोठवण्यापेक्षा शंभर पटींनी बरी आहे. पण वर्षाचा खर्च बांधून काय होणार, जर तो खर्च किती वर्षांत वसूल करायचा तेच माहीत नसेल? ल मान्सच्या हायपरकार या आताच्या सर्वांत वरच्या वर्गाने हे थोडं चांगलं जमवलं. मोटर, बॅटरी, गिअरबॉक्स हे भाग काही गाड्यांना सामाईक दिले, खर्च आटोक्यात ठेवला, नियमांची मुदत आधीच सांगितली आणि वाढवलीही. २०१८ साली वरच्या वर्गात टोयोटाचा एकच कारखाना-संघ उरला होता, २०२४ ला त्याच शर्यतीत नऊ कंपन्या होत्या. पोर्शेने २०२५ नंतर तिथल्या जागतिक मालिकेतून अंग काढून घेतलं, तेव्हा मुदत सांगितल्याने सगळे टिकतात असं नाही. बाजार बसला की कंपनी जाते. निदान जाण्याचं कारण नियम नव्हता.

मला वाटतं ते असं. नवा इंजिन-नियम जाहीर होईल त्याच कागदावर तो कोणत्या हंगामानंतर संपेल तेही छापलेलं असावं, आणि मुदतीची किमान निम्मी वर्षं उलटेपर्यंत पुढच्या इंजिनावर अधिकृत बैठक होऊ नये. पुढचा नियम लागू होण्याच्या चार वर्षं आधी त्याचा पक्का मसुदा हातात यावा, कारण कोऱ्या कागदापासून शर्यतीपर्यंत तेवढी वर्षं जातातच. आणि मसुदा करताना ज्या कंपन्या टेबलाशी बसून हवी ती कलमं घालून घेतात, त्यांनी पूर्ण मुदतीसाठी राहण्याची अनामत भरावी. मध्येच गेल्या तर ती रक्कम, त्यांचं इंजिन वापरणाऱ्या संघांना आणि त्या कारखान्यातल्या कामगारांना मिळावी. हे कठोर वाटेल. व्हिरीच्या लोकांना ते कठोर वाटणार नाही.

शेवटी आपल्याला एक विनंती. व्ही-८ परत येणार ही बातमी पुन्हा येईल, चित्रासह येईल. तेव्हा तिच्या शेजारी आपल्या वार्ताहरांनी एवढं तरी द्यावं: हे नवं इंजिन कोणत्या साली धावणार, आत्ताचं कोणत्या साली थांबणार, आणि मर्सिडीज, फेरारी, होंडा, ऑडी, रेड बुल-फोर्ड यांच्यापैकी त्या कागदावर कुणाकुणाची सही झाली आहे.

आपला,
एक निवृत्त इंजिन-चाचणी अभियंता